पंखा कुणी थांबवला?

१

वायर तुटलेली नव्हती. काढलेली होती.

मावशीने टॉर्च तोंडात धरला होता, त्यामुळे ती बोलली नाही. नुसतं बोट दाखवलं. कॉम्प्युटरच्या उघड्या पोटात, मागच्या बाजूला, तळहाताएवढा पंखा होता. त्याची वायर जिथे खोचलेली असायला हवी तिथून काढून, घडी घालून, पांढऱ्या दोऱ्याने चौकटीला बांधून ठेवली होती.

"उंदीर असेल," दादा म्हणाला.

मावशीने टॉर्च बाहेर काढला. "गाठ मारणारा उंदीर मी नोकरीत असताना एकदाही पाहिला नाही."

मावशीची नोकरी म्हणजे विमा कंपनीत नुकसान तपासायची. जळालेली गोदामं, भिजलेला माल, खड्ड्यात गेलेले ट्रक बघत तिचं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात, आणि कुणी काही सांगू लागलं की तिचा चेहरा आपोआप 'बरं, पुढे?' असा होतो. आईला सोबत म्हणून ती आली होती आणि राहिली होती.

बाबांना जाऊन काही आठवडे झाले होते. रहस्यकथा मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत माणूस मरतो आणि घरातले सगळे एकदम तरतरीत होतात, एकमेकांवर नजर ठेवू लागतात. आमच्याकडे उलट होतं. आम्ही इतके दमलो होतो की कुणी कुणाकडे नीट पाहतसुद्धा नव्हतं.

बाबा लग्नांचे, वाढदिवसांचे, शाळांच्या संमेलनांचे व्हिडिओ करत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. शेवटचे काही महिने त्यांनी बाहेरचं काम बंद केलं आणि घरातली जुनी रिळं, जुन्या कॅसेटी जोडून एक मोठी फिल्म करायला घेतली. आत्यासाठी. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या निवासात राहते. तिच्या खोलीत एक जुना टीव्ही आहे आणि त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेअर. त्यापलीकडचं काही तिथे चालत नाही. भावाला शेवटचं बघायलाही तिला आणता आलं नव्हतं. तिचं हृदय थकलंय, जमेल तितक्या लवकर भेटून जा, असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं तेव्हा मी तिला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "त्यानं माझी सीडी करून ठेवली असेल. ती घेऊन ये. रिकाम्या हातानं येऊ नकोस."

फिल्म जोडून झाली होती. उरलं होतं ते रेंडर. म्हणजे हे सगळे तुकडे एकजीव करून डीव्हीडीवर मावतील अशा रूपात आणायचे. कॉम्प्युटरला त्यात एकेक चित्र नव्याने रचावं लागतं, आणि तो तापतो. बाबा म्हणत, "भट्टी लावलीय." मी भट्टी लावत होते आणि कॉम्प्युटर दर वेळी मध्येच मरत होता. सूचना नाही, कुरकुर नाही. पडदा काळा, आणि खोलीत तापलेल्या धुळीचा वास. काम दुसऱ्या मशीनवर नेता येत नव्हतं. बाबांचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की त्यातलं काम दुसरीकडे कुठे उघडेचना.

"पंखा बंद, म्हणजे गरम हवा आतच कोंडणार," मावशी म्हणाली. "भट्टीचं धुराडं कुणीतरी बुजवलंय. मुद्दाम. कुणी?"

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. दारात आई उभी होती. ती वायरकडे बघत होती, आणि तिने हातातली घडी केलेली चादर हळूच पाठीमागे नेली.

२

वायर जोडली. पंखा फिरू लागला. भट्टी लावली आणि मी आंघोळीला गेले. परत आले तर कॉम्प्युटर अंगावर चादर घेऊन मेलेला.

"आई!"

"ओरडू नकोस. धूळ बसते त्याच्यावर. धूळ त्याची वैरी, असं हेच म्हणायचे ना?"

"अगं, चालू होता तो!"

"चालू कुठला? पडदा काळा होता."

पडदा थोड्या वेळाने आपला आपण काळा होतो, आत काम चालूच असतं, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती रोज त्या मशीनला चादर घालत होती. कुणाला पांघरूण घालावं तशी, कडा खोचून.

मावशी तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. बहिणीचीही जबानी ती बाहेरच्या माणसासारखीच घेते.

"वायर तू काढलीस?"

"मला त्याचं पोट उघडता येतं का, ताई? मला साधं सुरू करता येत नाही."

"राग होता तुझा त्या मशीनवर."

आईने कॉम्प्युटरवरची चादर ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "होता. का नसावा? शेवटी शेवटी चालायची ताकद होती तेवढे दिवस त्यांनी ह्या खोलीत घालवले. दार लावून. मी हाक मारली की 'कामात आहे, नंतर.' डोक्यावरचा पंखासुद्धा बंद. बाहेर यायचे ते घामानं निथळत. मला वाटायचं, ताप उतरला असेल. विचारलं तर हसायचे." तिने चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आधी दार कधी लावलं नव्हतं. लग्नानंतर एकदाही नाही."

"ही रजई कुणी लावली?" मावशीने मान वर केली. खिडकीवर जाड रजई खिळ्यांनी ठोकलेली होती.

"त्यांनीच. ऊन लागतं म्हणाले."

"आणि घड्याळ?"

भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं होतं. "ते त्यांच्या आधीच बंद पडलं," आई म्हणाली. "मी सुरू केलं नाही. कशाला?"

मावशी टेबलाखाली वाकून कॅबिनेटचे स्क्रू बघत होती.

"पोरी, तू हे झाकण आज पहिल्यांदा उघडलंस?"

"हो."

"मग ह्या स्क्रूंवर आधीचे, ताजे ओरखडे कुणाचे? हात घाईत होता. तुझ्या बाबांचा हात घाई करणारा नव्हता."

३

रीळकाका चौकात फोटोचं दुकान चालवतात. बाबांचे जुने भागीदार. आम्ही लहान असताना त्यांच्या खिशात कायम एखादं रीळ असे, म्हणून रीळकाका. बाबा गेल्यावर ते भेटायला आले होते आणि 'थोडा वेळ त्याच्या खोलीत बसतो' म्हणून आत गेले होते. आम्ही कुणी आत डोकावलो नाही. शोक करणाऱ्या माणसाच्या मागे कोण जाणार?

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आम्हाला बघून त्यांनी आधी चहा सांगितला आणि मग घाम पुसला.

"तुम्ही झाकण उघडलंत," मावशी म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, आत्ता. नाहीतर 'कसलं झाकण' असं विचारलं असतंत."

रीळकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. "एक डिस्क काढली. माझ्या गिऱ्हाइकांची लग्नं होती त्यावर. एका नवरीची आई रोज दुकानात येऊन बसायची, आमचं लग्न कुठाय, आमचं लग्न कुठाय. वहिनींना त्या दिवसांत काय विचारणार? लाज वाटली म्हणून न सांगता नेली." ते माझ्याकडे वळले. "तुझ्या बापाला मी असं कधी केलं नव्हतं, बरं का."

"त्याच घाईत पंख्याची वायर निघाली?"

"नाही हो. वायर आधीच निघालेली होती. बांधलेली."

"आणि तुम्ही तशीच राहू दिलीत."

"त्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायची सवय नाही मला."

"डिस्क सोडून," मावशी म्हणाली.

रीळकाका ओशाळून हसले. आम्ही उठलो, तेव्हा ते दारापर्यंत आले आणि चपलेच्या टोकाने फरशी घासत राहिले.

"माईकही आणला. पण तो माझाच होता, देवाशप्पथ. त्याच्याकडे चांगला नव्हता म्हणून मागून नेला होता."

"कशाला?"

"विचारलं मी. म्हणाला, एका माणसाशी बोलायचंय. मी म्हटलं, मग फोन कर की."

परतताना मावशी सावकाश चालत होती. मला वाटलं, गुडघे दुखतायत. कोपऱ्यावर ती म्हणाली, "खोटं बोलणारा माणूस शेवटी जास्तीचं काही देत नाही. ह्यानं दिलं. वायर ह्यानं काढली नाही."

घरी आलो तर दारात टेम्पो उभा होता. एक अनोळखी माणूस बाबांच्या कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होता, आणि दादा त्याला सांगत होता, "सांभाळून, जिना अरुंद आहे."

४

"ठेव तो खाली," मी म्हणाले.

"अगं, मी मागच्याच आठवड्यात ह्यांना सांगून ठेवलं होतं. ते आज आले."

"आज येऊ नका सांगायला तोंड नव्हतं?"

"तोंड तुझ्याकडे गेलं सगळं. माझ्या वाट्याला आलंच नाही."

टेम्पोवाला बिचारा मॉनिटर कुशीत घेऊन उभा. मावशीने त्याला पाणी दिलं, बाहेर काढलं आणि दार लावलं. मग दादासमोर स्टूल आलं.

घर आवरायची घाई दादालाच होती. बाबांचे कपडे त्याने दिले, औषधं त्याने फेकली. मशीन बिघडलेलं ठरलं तर ही खोलीही रिकामी होईल, आणि त्याला ह्या दारावरून जाताना मान फिरवावी लागणार नाही. हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून राग कमी येत नव्हता.

"सेटिंग कुणी बदललं?" मावशीने विचारलं.

ते आम्हाला सकाळीच दिसलं होतं. डीव्हीडीच्या चित्राला एक ठरलेलं माप असतं, आणि ते लहान असतं. बाबांनी ते नीट लावून ठेवलेलं असणार; आयुष्यभर तेच केलं होतं. पण रेंडरच्या खिडकीत प्रत्येक आकडा शेवटपर्यंत ताणलेला होता. चित्र मोठ्यात मोठं, दर्जा वरच्यात वरचा, प्रत्येक चित्र दोनदा तपासायचं. एवढं करून शेवटी ते डीव्हीडीच्या मापात कोंबायचंच. चमचाभर काढ्यासाठी हंडा चढवलेला.

"मशीन लवकर मरावं म्हणून?" मी म्हणाले.

दादाचा चेहरा एकदम लहान झाला. शाळेत पडून आलेला असायचा तसा.

"चांगलं दिसावं म्हणून," तो म्हणाला. "तू बाहेर गेलेलीस तेव्हा केलं. आत्या शेवटचं बघणार, म्हटलं एकदम झकास दिसू दे. सगळं वरपर्यंत नेलं की चांगलंच होणार, नाही का? तू असतीस तर म्हणाली असतीस, हात लावू नकोस, तुला कळत नाही."

म्हणाले असते.

"वायर?" मावशी.

"आईशपथ नाही. मी झाकणाला हात लावला नाही. मला ती खोलीच..." तो थांबला आणि उठून त्याने पुन्हा वायरी जोडायला घेतल्या.

माप बरोबर लावलं. चादर आईच्या कपाटात गेली. मागचा पंखा फिरत होता. कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावला. आता मरायला काही कारण उरलं नव्हतं. आम्ही चौघं तापमानाचा आकडा बघत बसलो. तो चढत होता. सावकाश, जिना चढावा तसा, पण थांबत नव्हता.

"बंद कर," मावशी म्हणाली. "मरायच्या आधी बंद कर. अजून कुणीतरी आहे ह्यात."

५

मेंदूवरचा पंखा दादाच्या लक्षात आला. मागच्या पंख्याशिवाय आत आणखी एक असतो, थेट प्रोसेसरच्या डोक्यावर. तो फिरत होता, पण दुपारी जेवून उठलेल्या माणसासारखा. दादाने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि सुरू होता होताच बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरला. तिथे पंख्याच्या वेगाच्या पुढे एक शब्द निवडलेला होता: 'शांत'.

"हे आपोआप बदलत नाही," तो म्हणाला. "इथवर यावं लागतं, शोधावं लागतं."

"तू बदललंस?"

"मावशी, मला हे बदलता येतं हे आत्ता कळलं मला."

मावशीने चष्मा काढला, डोळे चोळले. इतकं दमलेलं मी तिला पाहिलं नव्हतं.

"मी जळालेल्या गोदामात गेले की काय जळलंय ते आधी बघत नसे," ती म्हणाली. "ते सगळ्यांनाच दिसतं. मी बघायचे, काय नाहीये. मालक म्हणायचा कापसाच्या गाठी जळल्या, आणि मला गाठींना बांधलेली, न जळणारी लोखंडी पट्टीच सापडायची नाही. इथे आल्यापासून मी काय आहे तेच बघत बसले. वायर, गाठ, स्क्रू. ह्या खोलीत काय नाहीये ते सांगा."

आम्ही इकडेतिकडे पाहिलं.

"ते घड्याळ उतरव," ती दादाला म्हणाली.

दादाने उतरवलं, उलटं केलं. सेलची जागा रिकामी होती.

"बंद पडलेल्या घड्याळात सेल असतो, मेलेला. हे बंद पडलेलं नाही, बंद केलेलं आहे. आता खिडकी. ऊन लागतं म्हणून रजई ठोकली. ही खिडकी कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला," आई हळूच म्हणाली.

"तिथून ऊन कधी आलं होतं? खाली रस्ता आहे, तिथून येतात ते हॉर्न, फेरीवाले. डोक्यावरचा पंखा करकरतो, तो बंद. कॉम्प्युटरचा मागचा पंखा घरघरतो, त्याची वायर काढली. आतल्या पंख्याला सांगितलं, शांत बस. दार लावलं. आणि भागीदाराकडून माईक आणला." तिने चष्मा पुन्हा घातला. "मशीन मारायचं असतं तर वायर कापली असती. नाहीतर नुसती लोंबकळत सोडली असती. घडी घालून कोण बांधतं? ज्याला ती नंतर परत लावायची असते तो. पात्यांत अडकू नये, हरवू नये म्हणून. भट्टी लावताना तो ती लावणारच होता. तेवढं राहिलं."

दादाने हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं.

"इथे आवाज नाहीये," मावशी म्हणाली. "तुझ्या बाबांनी एकेक करून सगळे आवाज बाहेर काढले. तेव्हा आत एक आवाज ठेवला असणार. तो कुठाय?"

६

फिल्म जोडायच्या पडद्यावर चित्रांचा पट्टा वर असतो आणि आवाजांचे पट्टे त्याखाली, एकाखाली एक. मला दोनच दिसत होते, रिळांवरचं संगीत आणि कॅसेटींवरचे मूळ आवाज. तिसऱ्यासाठी खाली सरकावं लागतं, आणि मला सरकायचं कारण कधी पडलं नव्हतं. मी खाली सरकले. तळाशी एक लांबलचक पट्टा होता, आवाज बंद करून ठेवलेला. मी तो चालू केला.

"अक्का, ऐक. आता अंधार आहे, रीळ सुरू व्हायचंय."

बाबा. दम लागलेला, तरी सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा.

"आता आई आली. पायरीवर बसलीय, कपाळाला हात लावून इकडे बघतेय. डोळ्यांवर ऊन आहे तिच्या. डाव्या हाताला तू. तुझे पुढचे दोन्ही दात पडलेत, तरी तोंड मिटत नाहीस. मी आईच्या मांडीवर, रडतोय. का रडतोय ते तुलाच ठाऊक, चिमटा तूच काढला असणार."

पडद्यावर तेच होतं. पायरी, आजी, बोळकं तोंड, रडणारं पोर.

"जे दिसतंय ते कशाला सांगतायत?" दादा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं. माझ्या मागच्या भेटीत आत्या बोलताना सारखी माझ्या खांद्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, रागावलीय.

बाबा पुढे सांगत होते. "तू म्हणालीस, डोळे गेले हे कुणाला कळू देऊ नकोस, कळलं तर तुझी खोली काढून घेतील, देखरेखीच्या वॉर्डात टाकतील. नाही सांगत. म्हणून दार लावून बसतो. ही रागावलीय माझ्यावर. बोलत नाही, पण दाराबाहेर येऊन उभी राहते. चपला ऐकू येतात. आता आल्या बघ. सगळे आवाज बंद केले मी, अक्का, घड्याळसुद्धा. हा काढून टाकता येतो, पण राहू देतोय. तुलाही कळू दे घरात कोण आहे."

बाबा थांबले होते. त्या थांबलेल्या जागेत, दूर, दोन पावलं वाजली. मग परत गेली.

आई पलंगाच्या कडेला बसली. चादर नव्हती, म्हणून तिने पदर धरला.

"तेवढं परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं. मग पुन्हा.

आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. काका, शेजारी, आत्याचं लग्न, आमचे वाढदिवस. बाबा चुकायचे, खोकायचे, "थांब हं" म्हणायचे. मग एक कॅसेट आली, बाबांच्या हातातून कॅमेरा काढून घेऊन रीळकाकांनी कधीतरी घेतलेली. बाबांचा आवाज म्हणाला, "आता हा... हा मीच आहे." थोडा वेळ नुसता श्वास. "माझं काय सांगू? हे उद्या."

पट्टा तिथे संपत होता. चित्र पुढे होतं.

"हे तू बोल," दादा मला म्हणाला. "माईक आणतो मी काकांकडून."

मी नको म्हणाले. जे आहे त्याची भट्टी लावू. उरलेलं तिथे जाऊन बघता येईल.

आतल्या पंख्याला दादाने पूर्ण वेगावर टाकलं. मावशीने रजईचे खिळे उपसले आणि खिडकी उघडली. कॉम्प्युटर विमान उडावं तसा घोंगावू लागला, बाहेरून हॉर्न येत राहिले, आणि तापमानाचा आकडा चढला, घुटमळला, तिथेच थांबला. मावशी खुर्चीतच झोपली. तिला उठवलं ते डीव्हीडीचा ट्रे बाहेर आल्यावर.

७

निवासातली परिचारिका डिस्क लावून निघून गेली. आई आत्याच्या पायाशी बसली, मी उशाशी. आत्या टीव्हीच्या जरा उजवीकडे, भिंतीकडे तोंड करून बसली होती. आम्ही ते तसंच राहू दिलं. आम्हाला माहीत आहे हे तिला सांगायचं नाही, असं आईने वाटेत ठरवलं होतं.

"अक्का, ऐक."

आत्याने डोळे मिटले. ती रडेल असं मला वाटलं होतं, ती भांडली. "चिमटा नव्हता, मुंगी चावली होती तुला." "लग्नातली साडी निळी कुठली, बाळ्या, जांभळी होती." श्वास पुरेना तेव्हा नुसता हात हलवून नाही म्हणायची. फिल्म चपलांच्या आवाजाशी आल्यावर तिने हात पुढे केला आणि चाचपडत आईचा खांदा शोधला. आईने स्वतःहून तो जवळ नेला नाही. शोधू दिला.

"कळलं तर तुम्हाला," आत्या म्हणाली.

"नाही कळलं आम्हाला काही," आई म्हणाली. "तुम्ही ऐका."

मग ती कॅसेट आली. "माझं काय सांगू? हे उद्या." आणि नुसतं चित्र.

आत्या थांबली. "पुढे?"

"पुढे त्यांचा आवाज नाही, आत्या."

"चित्र आहे?"

"आहे."

"मग सांग की."

मी पडद्याकडे पाहिलं. फिल्म जोडणाऱ्या माणसाची मुलगी असून बाबांकडे असं, ते बघत नसताना, मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा उभे आहेत. कुठल्यातरी हॉलच्या बाहेर. हातांचं काय करावं त्यांना कळत नाहीये. आधी खिशात घातले, मग काढले. रीळकाकांना सांगतायत, बंद कर."

"कपडे?"

"पांढरा शर्ट. कॉलरची एक बाजू आत दुमडलीय."

"केस आहेत?"

"आहेत."

"बरं. हसतोय?"

"हसायचं नाही असं ठरवलेला चेहरा आहे. आता हसले. आता पाठ फिरवली. दाराकडे चाललेत."

त्यानंतर पडदा निळा झाला. प्लेअरमध्ये खट्ट आवाज झाला, डिस्क फिरायची थांबली, आणि खोली एकदम शांत झाली. आत्याला तो आवाज ऐकू आला असणारच. तिचे कान तर नीट होते.

तिने माझा हात घट्ट धरला.

"दारापर्यंत पोचला का?" तिने विचारलं.

"पोचले," मी म्हणाले. "आता मागे वळून बघतायत."

"हं," आत्या म्हणाली. "सावकाश सांग."